एरलांग : गर्दीचे गणित मांडणारा माणूस

व्होल्टा, अँपिअर, वॅट, हर्ट्झ ही सगळी हाडामांसाची माणसे होती, हे आपल्याला अकरावीपासून ठाऊक असते. टेलिकॉम स्विचिंग शिकताना मात्र एक एकक असे भेटते की त्याची व्याख्या पाठ होते, सूत्र पाठ होते, गणित सुटते, मार्कही पडतात; पण ते एका माणसाचे नाव आहे हे पुष्कळांना डिग्री हातात पडेपर्यंत कळत नाही. ते एकक म्हणजे एरलांग. आमच्या बॅचच्या ओरलला एकाने तर एरलांग ही स्वीडनची कंपनी आहे असे ठोकून दिले होते. एक्स्टर्नल सर चष्म्यावरून त्याच्याकडे बघतच राहिले. (त्याच्या उत्तराचा स्वीडनशी थोडासा संबंध निघतो बरं का, पण ते पुढे.)

मी ई अँड टीसीची, फायनल इयरची. गेल्या वर्षी हॉस्टेलच्या नेटवर्क समितीत माझे नाव घातले गेले. कारण काय, तर तुम्हाला कोर्समध्ये स्विच आहे ना, मग तुम्हीच बघा! त्या कामात मला ज्या माणसाचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला, तो १९२९ सालीच वारला. त्याने इथरनेट पाहिले नव्हते, कॉम्प्युटर तर नाहीच, ट्रान्झिस्टरसुद्धा त्याच्यानंतरचा. त्याची ओळख आपल्या मासिकातून करून द्यावी म्हणून हा लेख.

आग्नर क्रारुप एरलांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ चा. गाव लोनबोर्ग, डेन्मार्कच्या जटलंड भागातले एक खेडे. वडील गावच्या शाळेचे मास्तर आणि चर्चचे कारकून. म्हणजे घरात पुस्तके भरपूर आणि पैसा बेताचा, हे आपल्याकडच्या मास्तरांच्या घरासारखेच. आई पाद्र्यांच्या घराण्यातली, क्रारुप हे तिचे माहेरचे नाव. तिच्या पूर्वजांत थॉमस फिंके नावाचे एक गणिती होऊन गेले. ट्रिगनॉमेट्रीत आपण जे टॅन आणि सेक लिहितो, ते टॅन्जंट आणि सेकंट हे शब्द याच फिंके यांनी १५८३ साली वापरात आणले. तेव्हा बारावीला ज्यांना ट्रिगनॉमेट्रीने छळले, त्यांनी राग कुठे काढायचा ते लक्षात ठेवावे.

आग्नरला एक मोठा भाऊ आणि दोन धाकट्या बहिणी. संध्याकाळी भाऊ टेबलाशी पुस्तक वाचत बसे आणि आग्नर त्याच्या समोर. पुस्तक एकच. मग हा पठ्ठ्या समोरून, उलट्या बाजूने तेच पान वाचायला शिकला. पीएलच्या काळात एका पुस्तकावर चौघे बसणाऱ्या आपल्या मंडळींना यात विशेष काही वाटणार नाही म्हणा! त्याचा सर्वांत आवडता विषय खगोलशास्त्र. आकाशातल्या गोष्टींवर तो कविताही करायचा.

चौदाव्या वर्षी तो कोपनहेगनला जाऊन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा विशेष गुणवत्तेने पास झाला. वय कमी भरत होते, त्यासाठी खास परवानगी काढावी लागली होती. आता पुढे काय? पुढे दोन वर्षे गावी, वडिलांच्याच शाळेत मदतनीस मास्तर. त्या काळात त्याने फ्रेंच आणि लॅटिन शिकून घेतले. १८९६ मध्ये प्रवेश परीक्षा दिली, पुन्हा उत्तम गुण, आणि त्या गुणांवर त्याला विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये फुकट राहण्याजेवणाची सोय मिळाली.

या हॉस्टेलबद्दल थोडे सांगायलाच हवे. त्याचे नाव रेगेन्सेन. डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन याने ते १६२३ साली होतकरू पण गरजू विद्यार्थ्यांसाठी सुरू केले. म्हणजे आपल्या फलटणच्या सईबाई राणीसाहेब जन्मायच्याही आधी. आणि ते आजही हॉस्टेल म्हणूनच चालू आहे! दारासमोर एक भलाथोरला गोल मनोरा आहे, तो त्याच राजाने वेधशाळेसाठी बांधवलेला. आग्नर शिकत होता तेव्हा वेधशाळा तिथून हललेली होती, पण आकाशावर जीव असलेल्या पोराला खिडकीतून रोज तो मनोरा दिसत असणार. तिथे राहून १९०१ साली तो एम. ए. झाला. मुख्य विषय गणित, जोडीला खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र.

मग नोकरी. वेगवेगळ्या शाळांतून एकूण सात वर्षे मास्तरकी. चांगले शिकवत. १९०४ साली ह्यूजेन्सच्या गणितावर निबंध लिहून त्यांनी विद्यापीठाच्या स्पर्धेत मानाचा उल्लेख मिळवला. एवढे सोडले तर ही वर्षे शांतच गेली. एखाद्याने म्हटले असते, हुशार मुलगा, पण शाळामास्तर होऊन राहिला.

एरलांग डॅनिश गणित मंडळाच्या बैठकींना नियमाने जात. तिथे त्यांची ओळख योहान जेन्सन यांच्याशी झाली. गणितात जेन्सन्स इनइक्वॅलिटी म्हणतात, तेच हे. पण हे जेन्सन प्रोफेसर नव्हते! ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते आणि गणित फावल्या वेळात करत. त्यांनी एरलांग यांना कंपनीचे संचालक फ्रिट्झ योहानसन यांच्याकडे नेले. योहानसन स्वतः एका प्रश्नावर डोके फोडत होते, त्यावर त्यांनी लेखही लिहिले होते. १९०८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, एरलांग त्या कंपनीत संशोधक आणि प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून रुजू झाले. उरलेले सगळे आयुष्य त्यांनी तिथेच काढले.

प्रश्न काय होता? त्या काळातले एक्स्चेंज म्हणजे समोर भोकांचा मोठा फळा, बसलेल्या ऑपरेटर बायका आणि हातात दोऱ्या. तुम्ही रिसीव्हर उचलला की फळ्यावर खूण दिसे, ऑपरेटर एक टोक तुमच्या भोकात आणि दुसरे टोक हव्या त्या माणसाच्या भोकात घाली. एका एक्स्चेंजहून दुसरीकडे जायला ठराविक लाइनी. सगळ्या लाइनी गुंतल्या तर कॉल गेला. सगळ्या ऑपरेटर गुंतल्या तर थांबा. आता कंपनीने किती लाइनी टाकायच्या? प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक टाकली तर कंपनी बुडेल. कमी टाकल्या तर गिऱ्हाईक बोंब मारील. मधला आकडा कोणता, हे तोवर अंदाजाने आणि अनुभवाने ठरत होते.

आपल्यातल्या थोड्या मोठ्या मंडळींनी हाच प्रश्न एसटीडी बूथबाहेर उभे राहून अनुभवला आहे. नव्वदच्या दशकात रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव होई. पावणेअकरापर्यंत बूथ रिकामा, आणि अकरा वाजले की रांग रस्त्यावर. आणि नंबर लागला तरी पलीकडून बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज, की या मार्गावरच्या सर्व लाइनी व्यस्त आहेत. आजच्या ज्युनिअर्सना हे ऐकीव वाटेल. त्यांनी पालखीची रात्र आठवावी. ज्ञानोबारायांची पालखी तरडगावाहून फलटणला मुक्कामी येते, गावात लाखो माणूस उतरतो, आणि मोबाइलला पूर्ण रेंज दिसत असूनही कॉल लागत नाही. टॉवर बंद पडलेला नसतो. त्याच्याकडे असलेले मार्ग संपलेले असतात.

एरलांग यांनी पहिला लेख १९०९ साली लिहिला. त्यात त्यांनी दाखवले की कॉल करणारी माणसे एकमेकांना न विचारता, आपापल्या मर्जीने कॉल करत असतील, तर ठराविक वेळात येणाऱ्या कॉलची संख्या पॉयसाँच्या नियमाने चालते. पॉयसाँचे सूत्र जुनेच होते. १८९८ मध्ये एका गणितज्ञाने प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या शिपायांची संख्या त्याने मोजून दाखवली होती. घोड्याच्या लाथा आणि टेलिफोनची घंटी एकाच नियमात बसतात, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे पण पचायला जड. आपण होऊन येणारी माणसे सारख्या अंतराने येत नाहीत. ती घोळक्याने येतात. त्यांना कुणी बोलावलेले नसते, ठरवलेले नसते, तरीही. मेसमध्ये दहा मिनिटे कुणी नसते आणि मग एकदम पंधरा ताटे वाजतात, त्यात मेसवाल्या काकांचा दोष नसतो.

मग १९१७ चा लेख आला. एरलांग यांचे नाव राहिले ते मुख्यतः या लेखामुळे. विचार असा. समजा दहा लाइनी आहेत आणि आत्ता सात गुंतल्या आहेत. नवीन कॉल आला की आठ होतील, एखादा संपला की सहा. पुष्कळ वेळ पाहत राहिले तर सातवरून आठवर चढणे आणि आठवरून सातवर उतरणे ही दोन्ही सारख्याच वेळा घडली पाहिजेत, कारण चढल्याशिवाय उतरता येत नाही. चढण्याचा वेग येणाऱ्या कॉलवर ठरतो, उतरण्याचा वेग किती लाइनी गुंतल्यात त्यावर. एवढा समतोल प्रत्येक पायरीला मांडला की सगळ्याच्या सगळ्या लाइनी गुंतलेल्या असण्याची शक्यता हातात येते. हेच एरलांग-बी सूत्र. नवा कॉल परत न पाठवता थांबवून ठेवायचा असेल तर त्याचे वेगळे सूत्र, त्याला आपण एरलांग-सी म्हणतो.

आकडे घालून बघू या. एक लाइन पूर्ण तासभर गुंतली तर तो एक एरलांग. समजा एका हॉस्टेलमध्ये १०० फोन आहेत आणि गर्दीच्या तासात प्रत्येक जण सरासरी ३ मिनिटे बोलतो. एकूण ३०० मिनिटे, म्हणजे ५ तास, म्हणजे ५ एरलांग. कुणीही म्हणेल, पाच लाइनी टाका, हिशोब बरोबर बसतो. बसत नाही! सूत्रात घातले की पाच लाइनींवर १०० पैकी सुमारे २८ कॉल परत जातात. सरासरी अगदी तंतोतंत जुळलेली असताना. दहा लाइनी केल्या तर परत जाणारे १०० पैकी दोनाच्या आत येतात, आणि अकराव्या लाइनीला शंभरात एकाच्या खाली.

आता पुढची गंमत. मुलांच्या हॉस्टेलला अकरा आणि मुलींच्या हॉस्टेलला अकरा अशा वेगवेगळ्या बावीस लाइनी टाकण्याऐवजी दोन्ही हॉस्टेल एकाच गठ्ठ्यावर घेतली, तर तेवढ्याच सोयीसाठी अठरा पुरतात. कारण दोन्हीकडचे घोळके सहसा एकाच क्षणी येत नाहीत. मोठे एक्स्चेंज स्वस्त का पडते, आणि स्विचला दोन केबल देऊन त्यांचा एक गठ्ठा का करतात, हे मला या उदाहरणावरून पहिल्यांदा नीट समजले. (केबलच्या गठ्ठ्यात एकच मोठे डाउनलोड दोन केबलींवर वाटले जात नाही हे खरे, पण ती वेगळी गोष्ट.)

हे सूत्र इंग्लंडच्या पोस्ट खात्याने लवकरच वापरायला घेतले. एरलांग फार थोडक्यात लिहीत, पुष्कळदा सिद्धता न देताच पुढे जात. जाणकारांनाही ते समजायला वेळ लागे. अमेरिकेत बेल लॅब्समधल्या एका संशोधकाने केवळ हे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश भाषा शिकून घेतली. आपण इंग्रजीतल्या नोट्ससुद्धा झेरॉक्स करून तशाच ठेवतो.

पण एरलांग म्हणजे नुसते कागदावरचे गणिती अशी समजूत करून घेऊ नका. कंपनीत आल्यावर त्यांना दुसरेही एक काम होते. रस्त्याखालच्या टेलिफोन केबलींना भटक्या विजेच्या प्रवाहांनी इजा होते, त्याची मोजमापे घेणे. प्रयोगशाळेचे प्रमुख खरे, पण सुरुवातीला हाताखाली कुणीच नव्हते! तेव्हा कोपनहेगनच्या रस्त्यांवर असे दृश्य दिसे की पुढे हे दाढीवाले गृहस्थ आणि मागे शिडी घेतलेला एक कामगार. मॅनहोल आले की शिडी लावायची, साहेबांनी स्वतः खाली उतरायचे, मोजायचे, वर यायचे, पुढच्या मॅनहोलकडे चालू लागायचे.

मला हे चित्र फार आवडते, कारण आमच्या समितीचे काम शेवटी शिडीवरच येऊन थांबले.

आमच्या हॉस्टेलला तीन मजले. प्रत्येक मजल्यावर चोवीस पोर्टचा एक स्विच, खोलीला एक पोर्ट. प्रत्येक पोर्ट एक गिगाबिटचा आणि मजल्यावरून तळमजल्याच्या रॅकला जाणारी केबलही एकच गिगाबिटची. म्हणजे चोवीस जणींनी एकदम पूर्ण वेगाने मागितले तर चोवीस हिस्से मागणी आणि एक हिस्सा वाट. हे काही आमच्याच हॉस्टेलचे नाही, सगळीकडे कमीअधिक असेच असते. सगळे एकदम मागणार नाहीत या भरवशावर ते बांधलेले असते, आणि हा भरवसा म्हणजेच एरलांग यांचा विषय.

तक्रार अशी होती की रात्री नऊ ते बारा नेट रांगते. नुसती कुरकुर असती तर चालले असते. पण एका सिनिअरची प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट रात्री साडेनऊला मध्येच तुटली. तिने मेल केले, फोन केले. कंपनीने पुन्हा टेस्ट घेतली नाही. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे एकच म्हणणे, जुने स्विच फेका, मोठे घ्या. कोटेशनही आले होते. ते वाचून रेक्टर मॅडमनी चहा बाजूला ठेवला.

आमचे स्विच साधे नव्हते, मॅनेज्ड होते. साधा स्विच मुकाट्याने काम करतो. मॅनेज्ड स्विचला विचारता येते. कुठल्या पोर्टमधून किती बाइट गेले, किती पॅकेट बफर भरल्यामुळे टाकून दिली, केबल कुठल्या वेगाने जोडली आहे, सगळे. पण तोवर कुणी विचारलेच नव्हते. लॅबमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही एसएनएमपीने दर पाच मिनिटांनी हे आकडे घ्यायला लावले आणि दोन आठवडे थांबलो. थांबायचे यावरून बोलणीही खाल्ली.

दिवसाची सरासरी काढली तर तिन्ही मजल्यांच्या केबली जवळजवळ मोकळ्या दिसत होत्या. सरासरीने फसायचं नाही हे आता पाठ झालं होतं. पाच-पाच मिनिटांचा आलेख काढला तेव्हा पहिल्या दोन मजल्यांची रेघ डोंगरासारखी वरखाली होती, आणि तिसऱ्या मजल्याची रेघ रात्री नऊ वाजता एका उंचीला जाऊन पठारासारखी सपाट. बारापर्यंत सपाट. ती उंची शंभर मेगाबिटच्या किंचित खाली. स्विचला विचारले तर त्याने सरळ सांगितले की ही केबल गिगाबिटवर नाही, शंभरावर जोडलेली आहे.

मग शिडी! गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. एका टोकाच्या कनेक्टरमध्ये एक जोडी नीट बसलेली नव्हती. दोन्ही बाजूंना समजून-उमजून वेग कमी करून घेता येतो, त्यामुळे केबल बंद पडली नाही, नुसती अरुंद झाली. किती महिने तशी होती कोण जाणे. लॅब असिस्टंट दादांनी कनेक्टर कापून नवा क्रिम्प केला. खर्च एका चहाच्या आत. टेस्ट तुटलेली सिनिअर तिसऱ्या मजल्याचीच होती.

त्यानंतर बाकीचे काम झाले. व्हीलॅन करून ऑफिस, सीसीटीव्ही आणि खोल्या वेगळ्या केल्या, प्रत्येक मजल्याला दुसरी केबल टाकून गठ्ठा केला. पण इंटरनेटची बाहेर जाणारी लाइन तेवढीच. तिथे नऊ ते बाराच्या गर्दीत कुणाला तरी मागे राहावेच लागणार. स्विचला प्राधान्याचे आठ स्तर देता येतात, शून्य ते सात. कुणाला सात द्यायचा? यावर जी मीटिंग झाली ती दीड तास चालली आणि तिच्यात एकही तांत्रिक प्रश्न नव्हता.

आमचे शेत चारीच्या टेलला आहे. नीरा उजव्या कालव्याचे पाणी पाळीने येते. पाटकरी दार उघडतो, शेजपाळीत आपला नंबर लागला की रात्रीबेरात्री दारे धरायला जायचे. विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली तीही याचसाठी, की पाणी तेवढेच असताना ते कुणी, कधी, किती घ्यायचे हे आधी ठरलेले असावे. आप्पा नेहमी सांगतात की टेलवाल्याचे भांडण पाण्याशी नसते, हेडवाल्याशी असते. मी मीटिंगमध्ये हेच उदाहरण दिले. शेवटी ठरले ते असे : ऑनलाइन टेस्टसाठी तळमजल्यावर एक खोली, तिला वरचे प्राधान्य, नऊ ते बारा प्रत्येक पोर्टला वेगाची मर्यादा, आणि डाउनलोडवाल्यांनी बारानंतर जागायचे. काही जणी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

एरलांग यांचे सूत्र सांगते की शंभरातले किती परत जातील. ते कोण असावेत, आणि किती चालतील, हे ते सांगत नाही. त्यांच्या कंपनीतही ते संचालकांनीच ठरवायचे होते. फक्त ठरवताना समोर आकडा होता.

माणूस म्हणून एरलांग कसे होते? लग्न केले नाही. कामात बुडालेले, अबोल, साधे राहणारे, देवधर्म मानणारे. पगारातले पुष्कळसे दोन गोष्टींवर जाई, पुस्तके आणि गरजू माणसे. गणित, खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र यांची मोठी लायब्ररी त्यांनी घरी जमवली होती. मदत मागायला माणसे थेट प्रयोगशाळेत यायची आणि ते गाजावाजा न करता द्यायचे. त्यांनी लॉगॅरिथमची कोष्टकेही तयार केली होती. म्हणजे आपल्या लॉग टेबलच्या छळातही त्यांचा खारीचा वाटा आहेच!

जवळजवळ वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणामुळे त्यांचा एक दिवसही बुडला नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या ऑपरेशनसाठी त्यांना हॉस्पिटलात जावे लागले आणि ३ फेब्रुवारी १९२९ रोजी ते गेले. वय ५१.

१९४६ साली टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने वाहतूक मोजण्याच्या एककाला एरलांग हे नाव दिले. १९४८ मध्ये कोपनहेगनमधून त्यांचे चरित्र आणि सगळे लेख इंग्रजीत एकत्र निघाले, तेव्हा कुठे डॅनिश न शिकता ते वाचण्याची सोय झाली. १९८६ साली एरिक्सन या स्वीडिश कंपनीत टेलिफोन स्विचसाठी एक प्रोग्रामिंग भाषा तयार होऊ लागली, तिचे नावही एरलांग. आमच्या ओरलच्या मित्राला स्वीडन इथूनच कुठून तरी आठवला असावा. त्याच १९८६ मध्ये आपल्याकडे सी-डॉटचे १२८ पोर्टचे ग्रामीण एक्स्चेंज बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला सुरू झाले, एअर कंडिशनिंगशिवाय चालणारे. मग तशी एक्स्चेंज गावोगावी आली. खेड्यातल्या एक्स्चेंजहून तालुक्याला किती लाइनी द्यायच्या, हा प्रश्न जिथे जिथे आला तिथे एरलांग-बीची कोष्टके उघडली गेली.

आता एक गोष्ट, जी सिलॅबसमध्ये सहसा एका ओळीत उरकतात. अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेत विल लेलँड आणि सहकाऱ्यांनी १९८९ ते १९९२ या काळात इथरनेटवरून जाणारी पॅकेट मोजली आणि १९९३ मध्ये जाहीर केले की इथे पॉयसाँ चालत नाही. टेलिफोनचे घोळके तासाभराच्या हिशोबात एकमेकांना सपाट करतात. इथरनेटचे करत नाहीत. सेकंदात बघा, मिनिटात बघा, तासात बघा, चढउतार तसेच. म्हणून स्विचचा बफर किती मोठा हवा हे एरलांग यांच्या कोष्टकातून काढता येत नाही, काढले तर कमी पडतो. आमचे पाच मिनिटांचे आलेखसुद्धा मधले कितीतरी झटके झाकून टाकत असणार. फोनचे कॉल जिथे कॉल म्हणूनच येतात तिथे मात्र जुने सूत्र खणखणीत चालते. कॉल सेंटरमध्ये कुठल्या तासाला किती माणसे बसवायची हे एरलांग-सीवरच काढतात, त्यातली माणसे म्हणजे एरलांग यांच्या ऑपरेटर बायकाच.

आमचा आकडे घेणारा कॉम्प्युटर अजून चालू आहे. पालखी फलटणला होती त्या रात्रीचा आलेख मी वेगळा काढून ठेवलाय. बाहेर मोबाइल लागेना म्हणून सगळ्या जणी हॉस्टेलच्या वायफायवर आल्या होत्या, आणि तिन्ही मजल्यांच्या रेघा एकदमच वर गेल्या, दोन हॉस्टेलचे घोळके एकाच क्षणी येत नाहीत हे गृहीत त्या रात्री कामाचे नव्हते. ज्यांना बघायचा असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर तळमजल्यावर यावे.